कायसेरीत मी बोललेली शुद्ध भाषा

कायसेरी, बुधवार दुपार

आदरणीय सनूबरताईस, धाकटा भाऊ मुर्तुझचा सलाम.

तुझे गुडघे कसे आहेत? शेकीत बर्फ पडला असेल, तेव्हा अंगणात उगाच खेपा घालू नकोस. भावोजींचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे (झाला नसेल तर विड्या कुठे लपवतात ते मला ठाऊक आहे, शेवटी लिहीन). इकडे मी आणि तुझा लेक वुगार ठणठणीत आहोत. फोनवर मी 'ठरलं' एवढंच म्हणालो आणि तू 'कसं ठरलं?' विचारत असतानाच फोन ठेवला, त्याचा राग सोड. कसं ठरलं हे एका दमात सांगण्यासारखं नाही.

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भाषा शिकवली. माझं म्हणणं तुला पाठच असेल, की आपली अझरी, इथल्या लोकांची तुर्की, उझबेक, कझाक या सगळ्या एकाच आईच्या लेकी. दगडाला आपण 'दाश' म्हणतो, हे 'ताश', उझबेक 'तोश', कझाक 'तास'. डोक्यात घातला तर चौघांनाही सारखाच लागतो. म्हणूनच तू मला वुगारसाठी मागणी घालायला पाठवलंस आणि मीही दुभाष्याशिवाय निघालो. पहिल्याच दिवशी बसमध्ये ड्रायव्हरला म्हटलं, मला इथं 'दुशुर', म्हणजे खाली उतरव. यांच्याकडे त्याचा अर्थ खाली पाड. त्यानं बस थांबवली, मला हात धरून उतरवलं, बाकावर बसवून पाणी पाजलं आणि घरचं कुणी आहे का विचारलं. भला माणूस, पण भाषा कच्ची.

रविवारी दुपारी मुलीकडे गेलो. नुरहयात गोड आहे, फोटोपेक्षाही. तिचे वडील हैरेत्तिनबे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत, मिशी मात्र अजून नोकरीवर आहे. शेजारी त्यांची बहीण मुअल्लाहानुम बसल्या होत्या. त्या विधवा आहेत, बाजारात शिवणकामाचं दुकान चालवतात. मी वुगारला आधीच बजावलं होतं, की मागणी घालताना मुलानं तोंड उघडायचं नसतं. तो म्हणाला, "मामा, इथले काही शब्द वेगळे आहेत." मी म्हटलं, "तू जन्मायच्या आधीपासून शिकवतोय मी. तू फक्त लाजल्यासारखा दिस."

सुरुवात मुलाच्या चारित्र्यापासून केली. म्हटलं, आमचा वुगार 'सुबाय' आहे. म्हणजे अविवाहित, दुसरं काय? पण (हे नंतर कळलं) यांच्यात सुबाय म्हणजे सैन्यातला अधिकारी. हैरेत्तिनबे ताडकन उठले आणि त्यांनी वुगारला कडक सलाम ठोकला. मला वाटलं, काय संस्कारी घर, लग्नाआधीच्या चांगल्या चालीला केवढा मान! मग मीही हात आखडला नाही. सांगितलं, आमच्या घराण्यात तिशीपर्यंत सगळेच सुबाय असतात, आणि आगासलीमकाका तर सुबाय म्हणूनच वारले. हैरेत्तिनबेंनी छातीवर हात ठेवला, मान खाली घातली आणि हळूच विचारलं, "कोणत्या सीमेवर?" मी म्हटलं, "सीमा कसली, परसात. जर्दाळूच्या झाडावरून पडले." त्यांची मान वर आली, पण चेहरा काही जागेवर आला नाही.

मग त्यांनी विचारलं, "मुलगा 'बेकार' आहे ना?" आता अविवाहित माणसाला बेकार म्हणतात हे कोणाच्या स्वप्नात येईल? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंचवीस माणसांवरचा मुकादम आहे तो इथल्या फर्निचरच्या कारखान्यात! म्हटलं, "बेकार? अहो, अठराव्या वर्षापासून एक दिवस बेकार राहिला नाही! मध्यंतरी दोन-दोन सांभाळल्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. एक सुटली की आठवड्याच्या आत दुसरी!" आतल्या खोलीत नुरहयातच्या हातून पेला पडला. वुगार माझ्या बुटावर पाय देत होता. मी त्याच्या बुटावर दिला.

हवा थंडावल्यासारखी वाटली म्हणून तुझी भेट पुढे केली. म्हटलं, "माझ्या ताईनं मुलीसाठी स्वतःच्या हातानं रेशमी 'दॉन' शिवलाय. मापं फोटोवरून घेतली. आत्ताच घालून सगळ्यांना दाखवू दे." ताई, आपला दॉन म्हणजे झगा. यांचा दॉन म्हणजे आतली चड्डी.

हैरेत्तिनबे उठले आणि त्यांनी दाराकडे बोट रोखलं. रोखलेलं बोट सगळ्या भाषांत सारखंच असतं. वुगार पांढराफटक पडला. खरं सांगतो, त्या क्षणी मला तूच आठवलीस. तुला कोणत्या तोंडानं सांगणार होतो, की तुझ्या लेकाचं लग्न मी जिभेनं मोडून आलो?

पण मुअल्लाहानुमनी शांतपणे पुडकं सोडलं. आतून झगा निघाला, गळ्यापासून घोट्यापर्यंत. त्यांनी तो उलटून आधी टाके पाहिले आणि भावाला म्हणाल्या, "दादा, बस खाली. असे टाके घालणाऱ्या बाईचा भाऊ वाह्यात बोलणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "याला तुम्ही दॉन म्हणता? बरं. मग सुबाय कशाला म्हणता? आणि बेकार?" एकेक गाठ सोडवावी तसा एकेक शब्द सोडवला बाईंनी. सगळं उलगडल्यावर हैरेत्तिनबे इतके हसले, की त्यांना पाठ चोळून द्यावी लागली. मग वुगारला बोलू दिलं आणि त्यानं तीन वाक्यांत आपलं लग्न ठरवून घेतलं. माझं मत मात्र कायम आहे. भाषा एकच आहे, हे लोक ती थोडी चुकीची वापरतात एवढंच.

भावोजींना सलाम, शेजारपाजारी आठवण.

तुझा,
मुर्तुझ

ता. क. एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी अंगठी घालायची आहे. तू यायलाच हवंस. भावोजींच्या विड्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे आहेत.

पुन्हा ता. क. एवढं मोठं पत्र मी वुगारसाठी लिहिलेलं नाही. सोमवारपासून रोज मुअल्लाहानुमच्या दुकानात जातोय. तीन दिवसांत अकरा बटणं विकत घेतली, माझ्या कोटाला चारच लागतात. तू माझ्यासाठी तीन स्थळं पाहिलीस आणि मी तिघींच्याही व्याकरणाच्या चुका काढल्या, ते मला आठवतंय. ही बाई माझ्या चुका काढते आणि मला बरं वाटतं. त्रेपन्नाव्या वर्षी हे फोनवर कसं सांगू? मोठं माणूस म्हणून तूच तिला विचार. माझ्याकडून होत नाही.

शेवटचं. काल तिनं सहज विचारलं, मी घोरतो का. मी नाही म्हटलं. तुला विचारलं तर तूही नाहीच म्हण.