मंडळीने दिलेली खुर्ची

ता. ९ जून

चि. ठोक्यास,
ताईचा प्रेमाचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बायकोचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. तू बोटांचा सरस न धुता जेवायला बसतोस ही तिची तक्रार मात्र शंभर टक्के खरी असणार. लहानपणी रंधा हातात घेऊन झोपणारा माणूस तू, तुला काय सांगायचं!

आता माझी बातमी, आणि ती बसून वाच. रविवारी आमच्या चर्चमध्ये पाहुणे उपदेशक आले होते. भक्ती संपता संपता ते थेट माझ्या चाकांच्या खुर्चीपाशी आले, डोक्यावर हात ठेवला आणि ऊठ म्हणाले. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मलाही क्षणभर वाटलं, कोण जाणे. मी पुढच्या बाकाची पाठ धरली आणि अंग वर ओढलं. शिवणाचं हातमशीन फिरवून फिरवून माझे दंड कसे झालेत ते तुला माहीत आहे. पाय नुसते लोंबत होते. पण लोकांना मी उभी दिसले. मग काय विचारतोस! रडणं, टाळ्या, हालेलुया! अहो, हे हात आहेत, पाय नाहीत, असं मी ओरडून सांगत होते, पण त्या गलक्यात कोण ऐकतो.

मला मिरवत उचलून घरी आणलं, आणि उपकारस्तुती म्हणून माझी खुर्ची त्याच दुपारी गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या वॉचमनला देऊन टाकली. साखरेपायी त्याचे दोन्ही पाय कापलेत. खुर्ची मंडळीनेच दिलेली, मी कुठल्या तोंडाने भांडू? दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना बोलावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मिळालेलं बरेपण शंका घेऊन घालवू नका. रागाने नाही रे, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले.

तेव्हापासून मी पलंगावर आहे. मशीन खिडकीशी, लोकांचे कपडे अर्धवट, आणि संडासलाही दुसऱ्याची वाट बघायची. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण खरं सांगते, मला भीती वाटतेय. असंच चाललं तर मी या खोलीत कुजून जाईन.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

ता. १५ जून

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. लुळ्या माणसाची खुर्ची काढून घेतात आणि वर देवाचे आभार मानतात? अक्कल गहाण ठेवलीय का सगळ्यांनी? त्या वॉचमनकडून खुर्ची परत माग. लाजू नकोस. पडदा लावताना शिडीवरून पडून तुझे पाय गेले त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं टाकलंय, तुला माहीत आहे. आता तर तुझ्या पाळकसाहेबांशीही बोलायची इच्छा उरली नाही.

तुझी भावजय म्हणते, ताईंना इकडेच आणा. जिना मोठा आहे, पण मी तुला पाठुंगळी घेऊन चढेन. तुला ते आवडणार नाही हेही मला ठाऊक आहे. म्हणून कारखान्यात सुट्टी झाल्यावर तुझ्यासाठी खुर्ची करायला घेतलीय. जुन्या सायकलची चाकं मिळालीत. मालक फुकट लाकूड देतोय, फक्त कटकट भरपूर करतोय. तुझ्या दाराची रुंदी कळव. आणि त्या चर्चची पायरी पुन्हा चढू नकोस.

रागावून लिहिलंय, पण लोभ तसाच समज.
तुझा,
ठोक्या

ता. २२ जून

चि. ठोक्यास,
प्रेमाचा सलाम. वि. वि.

दाराचं माप सोबतच्या दोऱ्यात गाठ मारून पाठवलंय. ते वॉचमनच्या बायकोने घेतलं. माझे हाल तिला कुठून तरी कळले, तशी ती रिकामी खुर्ची ढकलत माझ्या दारात आली. म्हणाली, तुमची वस्तू तुम्ही ठेवा. मी विचारलं, ते कसे आहेत? तर म्हणे, सकाळपासून दारात बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात, आत न्यायला गेलं की भांडतात. दोन वर्षं तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, ठोक्या. मी खुर्ची परत पाठवली. घाल शिव्या.

दुसरी बातमी वाईट आहे. मंडळीतल्या बायका रोज येतात, जेवण आणतात, आणि मला काखेत धरून चालण्याचा सराव करवतात. नको म्हटलं तर म्हणतात, विश्वास कमी पडतोय. परवा उजवा घोटा काळानिळा होऊन सुजला. मला तर तिथे काहीच कळत नाही. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलंय, निदान दोनतीन दिवस झालेत. प्लास्टर घातलंय. बायका बिचाऱ्या घाबरून रडायला लागल्या आणि मीच त्यांना समजावत बसले.

येत्या रविवारी ते उपदेशक पुन्हा येणार आहेत आणि मी साक्ष द्यावी असं पाळकसाहेबांना वाटतं. मी घरीच राहणार होते. पण मंडळीतल्या एका आईने मी बरी झाल्याचं ऐकून आपल्या लेकीच्या पायाचे आधारपट्टे काढून ठेवलेत. पोरगी दिवसभर पडतेय. आता मला जायलाच हवं.

तू देवाशी बोलत नाहीस. मी बोलते, पण हल्ली भांडतेच जास्त. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. प्रभू कबरेतून उठला तेव्हा त्याच्या हातांतली खिळ्यांची भोकं तशीच होती. आधी ती बुजव आणि मग ये, असं त्याला कुणी म्हटलं नाही.

मला विसरू नकोस.
तुझी,
ताई

ता. ३० जून

चि. ठोक्यास,
सलाम. वि. वि.

पाळकबाईंनी आणि आणखी एकीने मला उचलून चर्चच्या दारापर्यंत नेलं. तिथे मी म्हटलं, मला खाली ठेवा. त्या नको नको म्हणत राहिल्या. मी ऐकलं नाही. बाकांमधल्या वाटेने मी हातांवर सरपटत पुढे गेले. आधी दोघंतिघं हसली, मग कुणीच हसलं नाही. प्लास्टर फरशीवर खरवडत होतं आणि सगळ्या चर्चमध्ये तेवढाच आवाज. मला लाज वाटत होती रे. झगा वर सरकत होता, घाम डोळ्यांत जात होता.

पुढे पोचून मी सांगितलं की त्या दिवशी मी उभी राहिले नव्हते, हातांनी लोंबकळले होते. हे हात प्रभूनेच दिलेत, त्यांचे मी आभार मानते. पाय परत दिले नाहीत, तरी मी त्याचीच आहे. आणि कुणीही आपल्या माणसाची काठी, खुर्ची, पट्टा काढून घेऊ नका. उपदेशकांनी मध्येच मोठ्याने गाणं सुरू केलं. काहींनी साथ दिली, काही उठून गेले. ती आई मात्र तिथेच बाकाखाली वाकली, पिशवीतले पट्टे काढले आणि लेकीच्या पायाला बांधायला लागली.

पाळकसाहेब मला उचलायला आले. मी म्हटलं, उचलू नका, बसा. ते खरंच खाली फरशीवर बसले, त्या स्वच्छ पांढऱ्या झग्यासकट. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, मी इतकी वर्षं रोज तुमच्यासाठी मागतोय, मग त्याने माझं काहीच ऐकलं नाही का?

ठोक्या, तुझाही प्रश्न तोच आहे, आणि माझाही. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा घट्ट धरला, आणि गाणं संपून लोक निघून गेले तरी आम्ही दोघं तिथेच खाली बसून होतो.

लोभ कमी करू नकोस.
तुझी,
ताई