कोआला आणि घरचे फितूर

५ जानेवारी
अंतराच्या ज्युनिअर केजीत फॅन्सी ड्रेस आहे. माझ्या नातीच्या वाट्याला कोआला आला. मी ठरवलं आहे, ढवळाढवळ करायची नाही. फक्त भाषण, कपडे आणि हावभाव बघायचे.
पहिलं वाक्य लिहिलं: 'मी कोआला अस्वल.' सून मेघना म्हणाली, आई, ते अस्वल नाही, कांगारूसारखी पोटाला पिशवी असते त्याला. बी.ए.ला माझा भूगोल होता, हे तिला शांतपणे सांगितलं. ती कुकर लावायला निघून गेली. म्हणजे पटलं.

७ जानेवारी
कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, असं मेघनाच्या मोबाइलवर आहे. लहान मुलांपुढे हे ठेवायचं नाही. पाणीही क्वचितच पितो म्हणे. तेही गाळलं; आमच्या बाईसाहेबांची पाण्याची बाटली एरवीही शाळेतून भरलेलीच परत येते. त्याऐवजी घातलं: 'मी पहाटे उठतो. पालेभाजी खातो.'
अंतराने विचारलं, मग झोपतो कधी? म्हटलं, अभ्यास झाल्यावर.

१० जानेवारी
मुलाची, राजरत्नची, करडी माकडटोपी काढली. तिला कापसाचे कान शिवले. नीलगिरीचा पाला टेंभी नाक्यावर मिळाला नाही. आंब्याचा डहाळा घेतला, वर नीलगिरी तेल शिंपडलं. अंतरा शिंकत होती. सवय होईल.
भाषण घडाघडा म्हणते. पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही.
संध्याकाळी मायलेकी दार लावून कुजबुजत होत्या. गोष्ट चालली असेल.

१२ जानेवारी, दुपार
फितुरी.
स्टेजवर जाऊन म्हणाली, मी अस्वल नाही. मी आईच्या पिशवीत वाढतो, मग तिच्या पाठीवर बसतो. फक्त नीलगिरीची पानं खातो. आता मला झोप आली. आणि तिथेच आडवी झाली. टाळ्या. पहिला नंबर.
मेघना शूटिंग घेत होती आणि तिचे ओठ हलत होते. राजरत्न हसत होता. माझा मुलगा.
रिक्षात अंतराला विचारलं, मी शिकवलेलं कुठे गेलं?
"ते पण पाठ आहे ना आजी. ते तुझ्यासमोर म्हणायचं."

१३ जानेवारी
सकाळपासून अबोला धरला आहे. माफ करायला मी तयार आहे, पण कुणीतरी विचारायला हवं. चारच्या सुमारास मुद्दाम हॉलमध्ये आरामखुर्चीत डोळे मिटून बसले.
अंतरा आली. अगदी जवळून तोंडाकडे बघितलं. मग आत जाऊन म्हणाली, "हळू बोला. आजी कोआला झालीय."
आतून दार हलकेच लोटलं गेलं. त्यांचा चहा झाला. मला कुणी उठवलं नाही.