दिवसाचा पडदा

वाडी, बडोदे

केयूरदादा,

'प्रिय' लिहायला आज हात वळला नाही.

तुझ्या वास्तुशांतीला आले, तर दिवाणखान्याच्या खिडकीत आपल्या दीपस्तंभाचं भिंग टांगलेलं. पाहुणे म्हणाले, "शुं मस्त झुंमर छे!" तू नुसता हसलास.

भरूचपुढे नदीच्या मुखाशी गाळ सतत जागा बदलतो, म्हणून तो दीपस्तंभ लोखंडी पायांवर उभारला होता. नदी सरकली की सुटा करून दुसरीकडे न्यायला. शेवटी नदी इतकी लांब गेली की तो मोडीतच निघाला. आयुष्यभर तिथला दिवा सांभाळलेल्या बापूंनी भिंग तेवढं वाचवलं आणि म्युझियमला द्यायला तुझ्या हाती सोपवलं. "दिलं," असं तू त्यांना सांगितलंस.

तुझ्या नव्या सोफ्याला तपकिरी भोक पडलंय. कोमलवहिनी म्हणाली, कुणीतरी सिगारेट टेकवली असणार. दिवसा भिंगावर पडदा हवाच, नाहीतर ऊन एकवटून आग लागते, हे आपण दोघं चालायला लागल्यापासून ऐकत आलो. तू तेही विसरलास! निघताना मीच पडदा ओढला. वहिनीला तेवढं फोनवर सांगेन. हे पत्र मात्र टाकणार नाही, कारण ते वाचूनही तू हसशील.

घरी आल्यावर बापूंनी नेहमीसारखं विचारलं, "म्युझियमवाले दिवसा पडदा ओढतात ना गं?"

"ओढतात, बापू."

त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले, दादा. तेही तू बोलायला लावलंस.

बापूंची,
राजेश्वरी