नापास म्हणालो त्याबद्दल

आकांक्षा,

भाकरी फडक्यात आहे. वांग्याची भाजी गरम करून घे. संत्र्यांना पाणी द्यायला मी मोर्शीला जातो, सोमवारी अकोल्याला परत येईन.

बी.एस्सी. झालेली पोर पुन्हा बारावीला बसते म्हणजे आधी नापास झाली असेल, असं समजून मी गावच्या बाजारात तसं बोललो. डॉक्टरीच्या प्रवेशासाठी तू मार्क वाढवते आहेस, हे मला काल घरमालकीणबाईंकडून कळलं. उद्या त्याच लोकांना खरं सांगतो.

चार दिवस तू बोलली नाहीस. "आबा, तुमाले काय समजते," असं रागानं तरी म्हण. तेही जमत नसेल तर या कागदामागे लिहून ठेव. तू शिकवलंस तेव्हापासून मला वाचता येतं.

आबा