टूटीफ्रूटीचा केक आणि अभयचं पातेलं

३ मे. सकाळ.
व्हीआरएस घेतल्यापासून आज पहिल्यांदा बरं वाटलं. चहाबरोबर पाकिटातला केक खाल्ला. शाळेच्या सहलीला मिळायचा तोच, पिवळा, वर टूटीफ्रूटी. चव मात्र साबणाची. तिथेच ठरलं. तो जुना केक आता घरी मीच करणार, आणि विकणार. 'रंगनाथ होम बेकर्स, कोथरूड'.
सुनीतीच्या भावाला, अभयला, पंधरा तारखेपर्यंत उत्तर हवंय. मार्केट यार्डातल्या त्याच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मी बसावं म्हणे. मी! मेहुण्याच्या हाताखाली! सुनीतीला केकचा बेत सांगितला. ती म्हणाली, आधी कप विसळून ठेवा.

५ मे. सकाळ.
साचा नाही. कलावंत अडत नाही. माळ्यावरून सुनीतीचं लग्नातलं स्टीलचं पातेलं काढलं. अभयचा आहेर. नाव घालणाऱ्याने बाहेर घालायचं नाव आत तळाला घातलंय, तेही चांगलं खोल ठोकून: 'सौ. सुनीतीस सप्रेम, अभय'. म्हणून आजवर माळ्यावर पडून होतं. आहेरातही माणसाची अक्कल दिसते.
कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, खाली मीठ, वर पातेलं. व्हिडिओतली मुलगी पाऊण तास म्हणते. तिला काय कळतंय. मी दीड तास ठेवला.

५ मे. दुपार.
जरा घट्ट झालाय. सुनीतीने सांडशीने वाजवून पाहिला. मैदा जुना असणार. गॅसही हल्ली मंदच येतो.

८ मे.
आज उत्तम! तूप भरपूर लावलं, अलगद निघाला. कडा काळ्या आहेत, त्याला कॅरमलाइज्ड म्हणतात. वरच्या मजल्यावर मदिनाबींकडे अख्खा पाठवला, नमुना म्हणून. नातवंडांचं घर आहे, फडशा पडेल.

९ मे.
मदिनाबींकडून डबा परत आला, दुधातल्या शेवयांनी भरून. याला म्हणतात दाद! सुनीती म्हणते, रिकामा डबा कोणीच परत करत नाही, त्यात दाद कसली. बाईला मार्केटिंगचा गंध नाही.
पाटी लिहून ठेवली: 'येथे जुन्या चवीचा केक मिळेल. सूचना करू नयेत.'

१२ मे.
बुद्धपौर्णिमा. समोरच्या भीमरावांकडून बिल्डिंगभर खिरीचे डबे. आज केक करणारच होतो, पण खिरीने झोप लागली. उद्या नक्की.

१४ मे. दुपार.
हद्द झाली. पाडव्याला श्रीखंड भरून दिलेला आमचा डबा भीमरावांनी आज परत पाठवला. आत काय? केक. पिवळा, वर टूटीफ्रूटी! सरळसरळ माझी नक्कल. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या माणसाला हे उद्योग सांगितलेत कोणी?
तरी मन मोठं करून कडेचा तुकडा खाल्ला. सुरी वाकली. बाहेर करपलेला, आत कच्चा, सोड्याचा वास. कावळा शिवणार नाही. अहो, जमत नसेल तर करू नये माणसाने, कोणी जबरदस्ती केलीय?
स्पर्धा अशी असेल तर मैदान माझंच. लगेच अभयला फोन करून नाही सांगितलं. कांद्यात कुजायला माझा जन्म नाही, हेही ऐकवलं. मोकळं वाटलं.

१४ मे. संध्याकाळ.
सुनीती आल्यावर भीमरावांचा प्रताप दाखवला. माझं मतही सांगितलं, कावळ्यासकट. तिने केक उचलला, उलटा केला आणि आरशासमोर धरला. तळावर उमटलेली अक्षरं आरशात सुलटी झाली. सौ. सुनीतीस सप्रेम, अभय.
मग तिनेच उलगडून सांगितलं. मदिनाबींकडे तो कापला गेला नसणार. भीमरावांचा खिरीचा डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात गेला. भीमरावांकडे आमचा डबा होताच.
"कसा झालाय म्हणालात?" तिने विचारलं.
मी म्हणालो, ताजा होता तेव्हा वेगळा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ मे.
अभयला फोन. म्हणालो, काल उन्हाने डोकं तापलं होतं. तो म्हणाला, "या दाजी, पहाटे माल उतरतो." हसला असता तर बरं झालं असतं.

१६ मे. पहाटे.
निघालो. हे काही कायमचं नाही. बेकरी काढायची तर बाजाराचा अनुभव हवाच. सुनीतीने पोळी-भाजीचा डबा दिलाय. हा मात्र रिकामाच परत आणा, म्हणाली.