तळ्याच्या एकतीस वह्या

खाली सही करणारी मी, निवृत्त जलरसायनतज्ज्ञ, वय बहात्तर, गुडघे सोडले तर धडधाकट आणि डोकं पूर्ण ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. दडपणाखाली मी एकदा आले होते. ते कलम तीनमध्ये.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला. तिने नवऱ्याच्या सल्ल्याने घर विकू नये. त्याचे सल्ले मी ऐकले आहेत.

२. माझा सूक्ष्मदर्शक शेजारच्या शाळेला. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नये. मुलांच्या हातून मोडला तरी चालेल.

३. तळ्याच्या पाण्याच्या नोंदींच्या एकतीस वह्या, मी जिथे नोकरी केली त्या संस्थेला देऊ नयेत. नोंदींच्या बाविसाव्या वर्षी, रंगाच्या कारखान्याचा नाला तळ्यात पडतो तिथल्या पाण्यात आणि माशांत मला शिसं सापडलं. संस्थेचे संचालक म्हणाले, "बाई, आपलं काम मोजायचं. बोंब मारायला बाकीचे आहेत." मी गप्प बसले. चार वर्षं पाणी मोजलं, शोधनिबंध छापले. तळ्याकाठी त्यातली एक ओळही पोचली नाही.

मग एका सकाळी बाजारात मासेवालीने मला अडवलं. "बाई, चार वर्षं झाली, तुम्ही माझ्याकडून मासे घेत नाही. माझं काय चुकलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. मला माहीत होतं म्हणून मी घेत नव्हते. ती मात्र तेच मासे घरी रांधून नातीला भरवत होती.

मी तिथेच सगळं सांगितलं. तिने शिवी दिली नाही. टोपली उलटी केली आणि खाली बसली. पुढच्या रविवारी मी बाजारातल्या तिच्या ओट्यावर उभी राहून आकडे मोठ्याने वाचले. संस्थेने मला तळघरातल्या दप्तरखान्यात बसवलं. नाला बंद व्हायला आणखी दोन वर्षं लागली. ती नात आता वीस वर्षांची आहे आणि तिला दहाच्या पुढे मोजता येत नाही.

वह्या मासेवालीला द्याव्यात. त्या बाजारात, कोणालाही चाळता येतील अशा ठेवाव्यात.

४. संचालक हल्ली 'शास्त्रज्ञाची सामाजिक जबाबदारी' या विषयावर व्याख्यानं देत हिंडतात, हार घालून घेतात. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. 'तूर्त दाबून ठेवावे' हा शेरा त्यांच्या हस्ताक्षरात असलेला माझा मूळ अहवाल वर्तमानपत्राला द्यावा. ते हयात असतानाच.

५. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. हाडांत शिसं किती, ते मोजावं आणि जाहीर सांगावं.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल. नऊ मार्च, सकाळचे अकरा.

सही.

साक्षीदार पहिला: चौकातला चष्मेवाला. सही.

साक्षीदार दुसरी: प्रयोगशाळेतली माझी मदतनीस, आता तीही निवृत्त. कलम तीन वाचून ती म्हणाली, "मॅडम, बाटल्या तर मीच भरत होते. सगळं एकट्याच स्वतःवर का घेता?"

"मग तू लिही खाली."

तिने पेन हातात घेतलं. सहीच्या जागेवर लिहिलं:

मलाही माहीत होतं. सही.