आवसंची ओहोटी

२ जाने. ७७, रवि.
प्लास्टर निघून महिना झाला, डावं मनगट अजून दुखतं. दिवाळीच्या अमावास्येला रत्नागिरीकडच्या खडकांवर पाय घसरला, त्याचं हे फळ. आज पिंगळीला घरी गेले. आई तेल चोळत म्हणाली, "म्हणलं व्हतं, आवसंला जाऊ नगं. ऐकतंय कोण?" आबा एरवी उसळले असते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा याच माणसानं पंचांग चुलीत घातलं. आज पेपरात डोकं घालून बसले.

५ जाने., बुध. पौर्णिमा
आज समुद्र लांब आत गेला असणार. मी परभणीत, पोरांच्या प्रात्यक्षिकावर. रजा नाही.
गाईडसर महिनाअखेर निवृत्त. तोवर थंडीतली शेवाळं हवीत, नाहीतर प्रबंध लटकला. वरच्या खडकांवरची हिरवी जमवून झाली, मधली तपकिरीही झाली. लाल राहिली. ती सगळ्यात खाली, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीलाच उघडी पडतात.

९ जाने., रवि.
घरमालकीणबाईंच्या पंचांगात बघितलं. अमावास्या १९ ला. बाई खूश, "बरं झालं, तुमच्यातही पाळायला लागले!" म्हटलं, त्याच दिवशी समुद्रात उतरायचंय. बाईंनी पंचांग मिटलं आणि चहाचं विचारायचं राहून गेलं.

१५ जाने., शनि.
पिंगळी. आवसंला समुद्रावर जातेय म्हटलं, तर आईनं भाकरी थापता थापता तोंड फिरवलं. "तुझ्या बापाला इचार." आबा मोठ्यानं, "जा की! आवस काय खाती व्हय?"
मी निघाले तर आबा फाटकापर्यंत आले. इकडं-तिकडं बघून हळूच, "एक दिवस पुढं न्हाई का ढकलता येत?"
लय राग आला. यांच्याच जिवावर लहानपणापासून साऱ्या गावाशी भांडले मी. म्हटलं, न्हाई येत.
खरं तर येतं. दुसऱ्या दिवशी पाणी उलट जास्तच हटतं. पण आबांना अमावास्या टाळू द्यायची नाही, बस्स.

१७ जाने., सोम.
परभणी स्टेशन. फलाटावर आबा हजर! धोतर, पिशवी, हातात बॅटरी. "सामान धरायला येतोय. तुझी आईच लय मागं लागली." आईचं नाव सांगून मोकळे.

१९ जाने., बुध. अमावास्या
ऊन कललं, पाणी हटलं. आबांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. चूळ भरून म्हणाले, "लयच खारट हाय." मग धोतर खोचून माझ्या मागोमाग खडकावर, माझा कोपर घट्ट धरून.
"आबा, आवसंला भ्यायलाव का?"
"आवसंला कोन भितंय? शेवाळाला भितो."
शेवाळ पायाखाली होतं. ते बघत होते अंधारत चाललेल्या आभाळाकडं.
लाल तीन जातींची मिळाली. एक खडक अजून पाण्यातच, हवी ती नेमकी त्याच्यावर. कालवं काढणारी एक बाई जवळून जाताना म्हणाली, "तो खडक उद्या मोकळा होईल हो. उद्या याच्यापेक्षा आटतं."
आबांनी माझ्याकडं बघितलं. "तुला ठावं व्हतं?"
"व्हतं."
वाटलं, आता चिडतील. कोपर सोडला. बॅटरी लावली आणि माझ्यापुढं जाऊन गुडघाभर पाण्यात उभे राहिले.
"उद्याचं उद्या. आज आवस हाय तवर बघून घिऊ. ये."